एक लक्स

नोव्हेंबरात डंडीला पावणेचारलाच दिवेलागण होते.
मी येतो सातला, सगळे घरी गेल्यावर,
तागाच्या जुन्या गिरणीत. तिथे आता विम्याची कचेरी आहे
आणि वरच्या मजल्यावर गुरुवारचा योगवर्ग.
दिवे घालवायला येतो.

घालवायला म्हटलं. आई असती तर ओरडली असती:
दिवा घालवत नाहीत रे, विझवतही नाहीत,
दिव्याला शांत करतात.
तर बोर्डातली चावी फिरवून मी चार मजले
शांत करतो.

मग काहीच नसतं, क्षणभर.
(नियमाला पाच सेकंदही चालतात.)
मग छतातून एकेक जण उठतो,
वर्षभर झोपून पगार खाल्लेला,
पोटात बॅटरी, डोळ्यांत पिवळट जाग.
दारावर तो हिरवा माणूस. सव्वीस वर्षं बघतोय,
धावायचा थांबला नाही
आणि पोचलाही नाही.

वाटेच्या मधोमध जमिनीवर मीटर ठेवतो.
एक लक्स हवा. कमीत कमी.
इव्हर, माझा नवा पोरगा, विचारतो, एक म्हणजे किती?
एका मेणबत्तीपासून मीटरभर लांब उभा राहा, म्हणतो, तितका.
कोजागिरीला टे नदीच्या काठावर चंद्र मोजला होता मी,
आटवायला दूध नव्हतं, मीटर होता खिशात.
पाव भरला.
म्हणजे चार पौर्णिमा लागतात एका कॉरिडॉरला.
पेपर वाचता येत नाही तेवढ्यात,
पायरी कळते.

दुसऱ्या मजल्यावर नकाशा म्हणतो: सरळ.
वाट म्हणते: डावीकडे.
मार्चमध्ये कुणीतरी मीटिंगसाठी काचेची खोली उठवली.
काचवाल्याने काच लावली, गालिचावाल्याने गालिचा,
वळणावर दिवा कुणाच्या बिलात नव्हता.
हिरवा माणूस पलीकडे राहिलाय,
जीव तोडून भिंतीकडे धावतोय.

नंतर फक्त बसायचं. तीन तास.
गेडीज, इथला राखणदार, थर्मास उघडतो.
त्याची मावशी इथे बॉबिनं भरायची.
एकदा दिवे गेले, धूर नव्हता काही, नुसते गेले,
तर बायका एकमेकींच्या एप्रनची गाठ धरून उतरल्या,
आणि पुढे कोण, तर जी रोज येता-जाता पायऱ्या मोजायची
म्हणून सगळ्या जिला हसायच्या.
त्रेचाळीस, गेडीज म्हणतो. मागचा जिना. त्रेचाळीस.

नऊ एकेचाळीसला मागच्या जिन्यावरचा सतरा नंबर
आधी तांबूस होतो, मग नसतो.
दोन तास एकेचाळीस मिनिटं.
मॅनेजर फोनवर हसते: अहो, बिल्डिंग रिकामी व्हायला
सहा मिनिटं लागतात, ड्रिल केलंय आम्ही.
सहा मिनिटांत उतरतात त्यांचं मला काही नाही, मॅडम.
टॉयलेटात असतो तो. चष्मा विसरलेली ती.
आणि त्यांना शोधायला जो उलटा वर चढतो तो.
हे मी बोललो नाही. म्हटलं, लिहावं लागेल.
लॉगबुकात लिहिलं: जिना ब, दिवा १७, नापास.
खाली: काचेची खोली, चिन्ह दिसत नाही.
खाली सही.

चावी परत फिरवली. लख्ख झालं सगळं,
इतकं की इव्हरने डोळे मिटले.
पण आतून सगळे दिवे रिकामे आहेत आता,
पोट भरायला चोवीस तास घेतील,
आणि साडेदहाला सेलाम येते व्हॅक्यूम घेऊन, एकटी,
तिसऱ्या मजल्यावर.
माझी टॉर्च दिली तिला.
ती वर बघते. लाइट आहेत की.
आहेत, म्हणालो. असू दे तरी.

मागच्या जिन्याने उतरलो, मोजत.
एकेचाळीस भरल्या.
इव्हरला परत वर पाठवलं
मोजायला.